पाचवा नमुना

लातूरच्या त्या हॉटेलात, रविवारी भर दुपारी, हरिओम बिरादारनं पहिला ग्लास नाकाशी नेला आणि त्याला कसलाच वास आला नाही. त्यानं ग्लास पुन्हा एकदा गोल फिरवला, पांढऱ्या वाइनची कड काचेवरून हळूहळू उतरताना पाहिली आणि परत खोल श्वास घेतला. गार हवा आत गेली तेवढी कळली. धुऊन उन्हात वाळवलेली बरणी हुंगावी, तसं. समोर बावीस माणसं बसली होती. डॉक्टर, त्यांच्या बायका, क्लासवाले दोन-तीन सर, मोंढ्यातले एक आडत दुकानदार. सगळ्यांनी आपापले ग्लास उचलले होते आणि त्यात काय हुंगायचं ते हा माणूस सांगेल म्हणून त्याच्या तोंडाकडं बघत होते. मागच्या आठवड्यात आपल्या नाशिकच्या वाइन कंपनीचा असाच चव-वासाचा कार्यक्रम नांदेडला उरकल्यावर तो स्टेशनजवळच्या लॉजमध्ये तीन दिवस तापानं पडून होता. शुक्रवारी ताप उतरला. तोंडाला चव नव्हती, पण ती गोळ्यांमुळं असेल असं त्याला वाटलं होतं. आता या एसी हॉलमध्ये, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथसमोर, गोळ्यांचं निमित्त उरलं नाही. आणि त्याच क्षणी त्याचं तोंड आपोआप बोलू लागलं. "पेरू," तो म्हणाला, "पिकायला आलेला, पण अजून कडक. त्याच्या मागं हिरवी मिरची मोडल्यावर येतो तसा वास. आणि अगदी शेवटी, बांधावरचं नुकतं कापलेलं गवत." ही वाक्यं त्यानं आजवर शेकडो वेळा म्हटली होती. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे मिटून म्हणाल्या, "हाव, पेरू येतोय." मग त्यांच्या नवऱ्याला पेरू आला. मग सगळ्या टेबलाला आला.

त्याला वाटलं, हे असंच चालत असेल तर मी इतकी वर्षं काय करत होतो? पण तेवढा विचार करायलाही सवड नव्हती. लाल वाइन ओतून झाली होती. ही बाटली खास, बुचाची, कंपनीची सगळ्यात महागडी. त्यानं ग्लास उचलला, काळी मिरी, जांभूळ, सागाच्या लाकडाचा भुसा असं म्हणायला सुरुवात केली, तर आडत दुकानदारांनी हात वर केला. छातीवरच्या चिठ्ठीवर वैजनाथ असं नाव लिहिलं होतं. "साहेब, राग नका मानू," ते म्हणाले, "याला ओल्या बारदानाचा वास येऊन राहिला. पावसात तुरीची थप्पी भिजली, अन् आठ दिवसांनी गोदाम उघडलं, की कसा भपकारा येतो, तसा." लोक हसले. हरिओमनं ग्लास पुन्हा नाकाशी धरला. आत काहीही असू शकत होतं. बारदान असू शकत होतं, जांभूळ असू शकत होतं. बूच खराब निघालं तर वाइनला नेमका असाच वास लागतो, हे तो गेली बारा वर्षं लोकांना शिकवत आला होता. एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, दुसरी बाटली उघडू. पण दुसरी बाटली उघडली तरी ती चांगली की वाईट हे त्याला कुठून कळणार होतं? "शेठ, तुमचं नाक गोदामात तयार झालंय," तो हसून म्हणाला. "याला आम्ही मातीचा गुण म्हणतो. ओळखायला जरा सवय लागते." वैजनाथ शेठ ओशाळले. "असंल, असंल. आपल्याला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून त्यांनी शेजारी ठेवलेल्या, चाखलेली वाइन थुंकायच्या भांड्याकडं न बघता तो ग्लास औषध घ्यावं तसा एका दमात संपवला. हे शेवटचं, त्या माणसानं निमूट पिऊन टाकणं, हरिओमच्या डोळ्यांसमोरून पुढं कितीतरी दिवस हललं नाही.

दुपार कलताना तो गाडी घेऊन उदगीरला बहिणीकडं निघाला. मागच्या सीटवर उरलेल्या बाटल्या होत्या आणि थर्माकोलच्या खोक्यात आठ लहान बाटल्या, टँक एक ते आठ असे आकडे लावलेल्या. नाशिकहून मनिषा मॅडमनी त्या नांदेडच्या पत्त्यावर पाठवल्या होत्या. मॅडम कंपनीच्या मुख्य वाइनमेकर. दिवाळीनंतर त्या नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला मुलीकडं जाणार होत्या. त्यांच्या जागी कोण, हे अजून ठरलं नव्हतं. हरिओम, की परदेशातून पदवी घेऊन आलेला एक पोरगेला हुशार माणूस. दोघांनाही तेच आठ नमुने गेले होते. कुठली टँक कुठल्या टँकमध्ये मिसळायची, कुठली बाजूला काढायची, बुधवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "हरिओम, मशीनचे आकडे माझ्याकडे आहेत. मला तुझं नाक पाहिजे." गाडी चालवताना त्यानं खिशातली लवंग काढून चावली. जीभ चुरचुरली, पण लवंग आली नाही. चाकूरच्या पुढं रस्त्यालगत कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. धूर काचेवरून गेला. त्यानं काच खाली केली. डोळ्यांना झोंबलं, पाणी आलं, तेवढंच. त्याला फ्रान्समधला तो म्हातारा आठवला, ज्याच्या मळ्यात त्यानं एक हंगाम द्राक्षं तोडली होती. म्हाताऱ्यानं एका टेकडीवर त्याच्या तळहातावर माती ठेवली होती, मग दुसऱ्या टेकडीवर नेऊन दुसरी, आणि खुणेनं विचारलं होतं, फरक कळतो का? त्याला कळला होता. पहिलीला देवणीच्या वढ्याकाठच्या चोपण मातीचा वास होता, दुसरीला चुलीतल्या विझल्या राखेचा. सोबतच्या पोरांनी पुस्तकातले शब्द शोधले, याला मात्र गाव आठवलं. तिथून परतल्यावर नाशिकच्या लोकांनी त्याचं नाव काढायला सुरुवात केली. मराठवाड्याचं नाक, म्हणायचे.

पण ते नाक पहिल्यापासून त्याच्या एकट्याचं नव्हतं. देवणीजवळच्या त्यांच्या गावात आप्पांचा, म्हणजे त्याच्या वडलांचा, शेषेरावांचा, गोठा होता. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नावाजलेली देवणी जनावरं. बहीण उज्वला आक्का त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. ती त्याचे डोळे ओढणीनं बांधायची, तीन तांब्यांत चंद्री, कवळी अशा तीन गायींचं दूध आणायची आणि म्हणायची, सांग, कवळीचं कुठलं? त्याचं चुकायचं. तिचं कधीच नाही. आज चंद्रीनं कडबा सोडून बांधावरचं काही खाल्लंय, हेही ती दुधावरून सांगायची. वासाला काहीतरी म्हणायचं असतं, हे त्याला तिनंच शिकवलं. ओला पेंढा, तापलेला पत्रा, कात टाकलेल्या सापाची जागा, नव्या वहीची मधली पानं. नाशिकला पहिल्या मुलाखतीत त्याला एक ग्लास दिला गेला तेव्हा, तापलेल्या पत्र्यावर पडलेलं पाणी, असं तो म्हणाला होता आणि तिघांनीही माना वर करून त्याच्याकडं बघितलं होतं. ते वाक्य आक्काचं होतं. आप्पांनी याला लातूरच्या कृषी महाविद्यालयात घातलं. आक्का उदगीरला दुग्धतंत्राची पदवी घेऊन तिथंच एका खाजगी दूध शीतकरण केंद्रात ग्रेडर म्हणून लागली. अठरा वर्षं झाली. रोज सकाळी गावोगावचे कॅन येतात, ती एकेक झाकण उचलून हुंगते, हे घ्या, हे परत न्या, असं सांगते. मल्लेश दाजींचं टायरचं दुकान, सासू उमाबाई भालकीकडच्या. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी.

तो पोचला तेव्हा उमाबाई देवळात गेल्या होत्या. आक्कानं गॅसवर दूध ठेवलं आणि म्हणाली, "हरी, जराक दुधाकडं बघ. मी वरचे कपडे काढून आणते." तो ओट्याला टेकून उभा राहिला. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. लातूर कसं झालं, नमुने उघडले का? तो खिडकीकडं तोंड करून बोलत राहिला. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलेलं त्यानं मागं वळल्यावर पाहिलं. ज्योत विझली होती. बरं झालं, आपोआप विझली, असं म्हणून तो फडकं शोधत फोनवर बोलतच राहिला. जिन्यावरून आक्का धावत आली. कपडे दारातच टाकून तिनं आधी बटण बंद केलं, मग सिलिंडर, मग खिडकी आणि मागचं दार सताड उघडलं. त्याचा दंड धरून त्याला अंगणात ओढलं. "घर भरलंय गॅसनं. तुला वास येईना का?" त्यानं फोन बंद करून खिशात घातला. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "कवापासून?"

तिनं त्याला अंगणातल्या खाटेवर बसवलं आणि त्याच्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवला. तो हात त्याला आठवत होता त्याहून खरबरीत लागला. दुसऱ्या हातानं ती एकेक वस्तू त्याच्या नाकाशी धरत गेली. प्रत्येक वेळी तो काहीतरी म्हणू पाहायचा. अंदाजानं, आधी काय असेल, नंतर काय असेल असं मांडून. "हिंग?" "फिनेल हाय." "कापूर." "लसूण हाय हरी." मग तो अंदाज करायचाही थांबला. सगळं झाल्यावर तिनं हात काढला. खाटेवर पाच वाट्या रांगेनं मांडल्या होत्या, एखाद्या परीक्षेत ठेवाव्यात तशा. "डाक्टरला दाखीव. येईल परत," ती म्हणाली. "अन् न्हाई आलं तर?" तिनं वाट्या उचलल्या. ती गाडीतून त्याचं सामान काढू लागली. उरलेल्या लाल वाइनची बाटली हातात घेऊन तिनं बूच काढलं, सवयीनं, कॅनचं झाकण उचलावं तसं, आणि मान मागं घेतली. "ही कुणाला पाजलीस?" "कामून?" "भिजलेल्या पोत्याचा वास येतोय. फेकून दे." वैजनाथ शेठांचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता. आलेल्या सगळ्यांचे होते. एक फोन करायचा, शेठ तुमचंच बरोबर होतं, म्हणायचं. त्यानं मनातल्या मनात तो फोन केलाही. मग बाटली मागच्या मोरीत ओतली. लाल पाणी जाळीवर थोडं अडलं आणि गेलं.

नमुने हुंगायचं कुणी सुचवलं, हे नंतर त्याला नीट आठवेना. आपण सुचवलं नाही, असं तो स्वतःला पुढं पुष्कळ दिवस सांगत राहिला. सोमवारी केंद्रावरून आल्यावर, काही न खाता, तिनं ओट्यावर आठ स्टीलचे पेले मांडले. घरात काचेचे तेवढे नव्हते. उमाबाईंनी विचारलं, "येन इदु?" हे काय म्हणून. आक्का म्हणाली, औषधं हायत, तपासायची. म्हातारीनं हात जोडून देवाकडं बघितलं. आक्कानं एकही घोट घेतला नाही. नुसतं नाक. एकाजवळ थांबायची, दाराबाहेर जाऊन मोकळी हवा घ्यायची, परत यायची. ती बोलायची आणि तो वहीत लिहायचा. "एक नंबर, चिंचेचं नवं बोटुक. तीन नंबर, लग्नाच्या मांडवातली दुसऱ्या दिवशीची फुलं. चारला काहीच न्हाई, गरीब हाय बिचारा, पण खोटा न्हाई." तो तिची वाक्यं कंपनीच्या भाषेत घालत होता. बोटुक म्हणजे आम्लता ताजी, मांडवातली फुलं म्हणजे सुगंध उतरणीला. पाचव्या पेल्याजवळ ती तीनदा गेली. "हे दूध मी घेतलं नसतं," ती म्हणाली. "झाकणाला पास होईल. पण तापवलं की नासंल." "म्हणजे काय म्हणू? आकडे तर चांगले हायत." "आकडे आजचे हायत हरी. हे पंधरा दिवसांनी बिघडणार. याला वेगळं काढा म्हणून लिही." त्यानं पाचवा पेला उचलला आणि कितीतरी वेळ नाकाशी धरून ठेवला. आत अंधार होता. अंधारात कुणीतरी उभं आहे असं सांगितलं जावं आणि आपण नुसती मान डोलवावी, तसं त्याला झालं. सगळं संपल्यावर आक्का पेले विसळत, पाठमोरी, म्हणाली, "खाली माझं बी नाव लाव. उज्वला मल्लेश, ग्रेडर. लई मोठं न्हाई, बारक्या अक्षरात चालंल." तो म्हणाला, "हाव."

त्यानं ते लावलं नाही. लिहिताना त्याचा हात थांबला होता, हे खरं. पण नाव लावायचं तर का लावलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर बुधवारी, याच आठवड्यात, ही जागा ठरत असताना. पुढच्या वेळी लावू, असं त्यानं ठरवलं. अहवाल गेला. दुसऱ्या माणसानं पाच नंबरला सगळ्यात जास्त गुण दिले होते, असं मागाहून कळलं. मॅडमनी पाचवी टँक वेगळी ठेवली आणि अठराव्या दिवशी तिच्यात जंतू वाढू लागले. फोनवर मॅडमचा आवाज वेगळाच होता. "हे मला कळलं नव्हतं, हरिओम. मशीनला कळलं नव्हतं. हे कसं ओळखलंस तू?" तो म्हणाला, "झाकणाला पास होतं काही काही. तापवलं की कळतं." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हे वाक्य लिहून ठेवायला हवं. दिवाळीनंतर जागा त्याला मिळाली. आक्काला फोन केला तेव्हा तिनं आधी अभिनंदन केलं, मग विचारलं, "नाव लावलं व्हतंस का?" "हाव," तो म्हणाला. "मग कुणी इचारलं न्हाई, ही कोण म्हणून?" "मोठी कंपनी हाय आक्का. इतकं खाली कोण वाचतंय." फोनच्या पलीकडं कॅन आपटला, आणि तिनं दुसऱ्याच कुणाला तरी, हे परत न्या, म्हणून सांगितलं.

मग दर महिन्याला उदगीरला खोकं जाऊ लागलं. संध्याकाळी आक्काचा फोन यायचा, तो लिहून घ्यायचा. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, येईल, न येईल, सांगता येत नाही. चौथ्या महिन्यात काहीतरी परत आलं, पण ते नाक नव्हतं. सगळ्या गोष्टींना एकच वास येऊ लागला, जळक्या रबराचा. चहाला तोच, साबणाला तोच, बायकोच्या केसांनाही तोच. जेवताना तो ताटाकडं न बघता जेवायचा. आणि बाहेर त्याचं नाव वाढत होतं. नाशिकच्या कोर्सला शिकवायला बोलवायचे. पोरं त्याच्यासमोर ग्लास धरून उभी राहायची, त्यांच्या डोळ्यांत तोच विश्वास, जो लातूरच्या त्या बाईंच्या मिटलेल्या डोळ्यांत होता. तो शिकवायचाही चांगलं, आधीपेक्षा चांगलं. ग्लासातलं काहीच येत नसल्यामुळं शब्द कशाला अडत नव्हते. कधी कधी बोलता बोलता त्याला आक्काचा आवाज आपल्या तोंडातून निघाल्यासारखा वाटायचा आणि मग त्याला उगाच तिचाच राग यायचा. इतकं तंतोतंत हुंगायची काय गरज होती? एखादं चुकायचं. एक चुकलं असतं तरी आपण थोडे मोकळे झालो असतो.

मार्चमध्ये तिनं स्वतःहून फोन केला. केंद्रात मशीन आलं होतं. दुधाचा थेंब टाकला की फॅट, भेसळ, आंबटपणा, सगळं पडद्यावर. ग्रेडरची जागा काढली होती, तिला हिशोबाला बसवणार होते. "अठरा वर्सं नाक वापरलं, आता कागदं वापर म्हणतेत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमच्या कंपनीची जाहिरात बघितली. मराठवाड्यासाठी. वाइन तपासायची, लोकांना शिकवायची. नांदेडला मुलाखत हाय. पदवी चालंल माझी. मी अर्ज केलाय." त्याला आनंद व्हायला हवा होता. "चांगलं केलंस," तो म्हणाला. "पण आक्का, तिथं ओळख दाखवू नको. लोक म्हणतील, बहिणीला घेतलं." "कशाला दाखवू? माझं आडनाव कुठं तुझं हाय," ती म्हणाली. ती हे सहज म्हणाली, की नाही, याचा तो रात्रभर विचार करत राहिला.

नांदेडच्या हॉटेलात तिघं बसले होते. हरिओम, पुण्याच्या ऑफिसातून आलेली आलिया आणि मराठवाड्याची विक्री सांभाळणारे चंद्रप्पा. परीक्षा साधी होती. तीन ग्लास, त्यातल्या दोनांत एकच वाइन, एकात वेगळी. वेगळा कुठला, ते नुसतं हुंगून ओळखायचं. ग्लास भरायचं काम चंद्रप्पांनी सकाळी एकदाच केलं होतं, कानाला फोन लावून. भरून झाल्यावर लॅपटॉपला जागा करायला त्यांनी ट्रे उचलून बाजूला ठेवला, त्यातला एक ग्लास पडता पडता सावरला आणि परत कुठंतरी लावला. हरिओमनं ते पाहिलं होतं. त्यावेळी त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. चंद्रप्पांच्या कागदावर उत्तर होतं, तिसरा. सकाळपासून सहाजण येऊन गेले. चौघांनी अंदाजानं काहीही सांगितलं, दोघांनी सांगितलं तिसरा, कारण माणूस अडला की शेवटचं सांगतो. आक्का आली ती निळ्या काठाची साडी नेसून, हातात प्लॅस्टिकची फाइल. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, त्यालाही, तितकाच. ग्लास घेतले. एक, दोन, तीन. खिडकीपाशी जाऊन परत आली. "दुसरा वेगळा हाय," ती म्हणाली. "पहिला अन् तिसरा एकाच टाकीतले. दुसऱ्यात लाकूड हाय, अन् तो जरा दमलेला हाय, उघडून बराच येळ झालाय त्याला." आलियानं कागदाकडं बघितलं. "उत्तर तिसरा आहे," ती हळू म्हणाली. "नक्की?" आक्कानं विचारलं. "एकदा तपासून घ्या मॅडम." चंद्रप्पा हसले. "सगळेच असं म्हणतेत." आलिया मात्र घुटमळली. तिनं तीनही ग्लास हरिओमपुढं सरकवले. "सर, तुम्ही एकदा बघता का? तुम्ही सांगाल ते फायनल."

त्यानं पहिला ग्लास उचलला. रबर. दुसरा, रबर. तिसरा, रबर. तरी तो तिन्हींवर तेवढाच वेळ थांबला. आक्का समोर बसली होती, हात मांडीवर. तिला कधी चुकलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. ट्रे हललेला त्यानं पाहिला होता. नाकाची गरजच नव्हती. परत ओता, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. आणि मग ती उद्यापासून या कंपनीत असती. बैठकीत, टेबलाच्या पलीकडं, कुठल्यातरी सकाळी कुणीतरी दोघांपुढं एकच ग्लास ठेवला असता. आणि उदगीरला खोकं कुणासाठी गेलं असतं? हे सगळं त्यानं नीट मांडून ठरवलं असं नाही. इतकं सगळं मांडायला वेळच लागला नाही, ते आधीपासून मांडून तयार होतं. "तिसराच," तो म्हणाला. "तिसरा वेगळा आहे." मग त्यानं तीनही ग्लास एकामागून एक थुंकायच्या भांड्यात ओतले. आलियाचा हात मध्येच थांबला, तिला बहुतेक स्वतः हुंगून बघायचं होतं. आक्कानं फाइल उचलली. "बरं सर," ती म्हणाली. "येते."

अर्ध्या तासानं तो काहीतरी निमित्त सांगून बाहेर पडला. नांदेडच्या बसस्टँडवर नायगाववरून उदगीरला जाणारी गाडी लागायची होती. ती बाकड्यावर बसली होती. शेजारी एका बाईनं भाजीच्या जुड्या ठेवल्या होत्या, त्या सरकवून तिनं त्याला जागा केली. तो बसला नाही. जेवलीस का, त्यानं विचारलं. जेवले, ती म्हणाली. पुढचे नमुने सोमवारी पाठवतो, असं म्हणायला तो आला होता का काय, त्याला कळेना. शेवटी तीच बोलली. "तुला म्हाईत व्हतं का, मी बरोबर हाय म्हणून?" "आक्का," तो म्हणाला, "मला वास येत न्हाई, हे तुझ्याशिवाय कुणाला म्हाईत हाय? मला कसं कळंल?"

"नाकाचं इचारलं न्हाई मी," ती म्हणाली.

गाडी लागली. कंडक्टर उदगीर, उदगीर ओरडू लागला. ती उठली, साडीचा पदर खोचला आणि रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईच्या भाजीच्या जुड्या तिनं वर चढवायला मदत केली, मग स्वतः चढली. खिडकीजवळची जागा मिळाली, पण तिनं बाहेर पाहिलं नाही. हरिओमच्या खिशात मोबाइल वाजला. चंद्रप्पांचा मेसेज होता. सकाळी तिसरा सांगणाऱ्या दोघांपैकी त्या पोरीला फायनल करू का, सर? त्यानं 'करा' असं लिहिलं. गाडी आवाज करत मागं आली, वळली आणि फाटकाबाहेर गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो थांबला, आणि मग त्यानं तो मेसेज पाठवला.